मिसुरीकाठचे मास्तर

आमच्या हेडमास्तरांना रस्ता विचारायचा नाही, हे गावात नव्या माणसाला कुणीतरी आधीच सांगून ठेवत असे. मला सांगायला कुणी नव्हतं. नेमणुकीचा हुकूम खिशात आणि पत्र्याची पेटी खांद्यावर, असा मी वेशीपाशी उभा होतो. समोरून लांब काळा कोट, धोतर, डोक्याला पांढरं मुंडासं आणि हातात बांबूची काठी घेतलेले एक गृहस्थ आले. मी त्यांना शाळेचा रस्ता विचारला.

त्यांनी आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मिसुरीनं वर जाताना समदे असेच निंगाले होते," ते म्हणाले. "पयल्या दिवशी ओझं जास्त. पहाड आला का एकेक वस्तू जमिनीत पुरून पुढं जा लागते. काय हाय पेटीत?"

"कपडे. पुस्तकं. आईनं दिलेले लाडू."

"लाडू पयले कमी करू," असं म्हणून त्यांनी पेटीची एक कडी धरली आणि चालायला लागले. शाळा तिथून हाकेच्या अंतरावर होती. पण आम्ही नाल्याच्या काठाकाठाने, बोरीच्या जाळीतून, गावाला अर्धा वळसा घालून गेलो. कुठल्याही गावात पहिल्यांदा शिरायचं ते पाण्याच्या वाटेने, असं त्यांचं मत होतं. त्या नाल्यात मी पाय घसरून बसलो. दुसऱ्या दिवसापासून ती जागा 'धाकट्या मास्तरचं लोटण' झाली. माझी बदली झाल्यावरही गुराखी तिला तेच म्हणत होते, असं पुढे कळलं.

गाव वाशीम तालुक्यातलं, रिठदच्या अलीकडचं. सकाळी निघालं तर दुपारच्या भाकरीला पैनगंगा गाठता येई. नदीच्या अलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई. पहिली जर्मन लढाई सुरू व्हायच्या आधीची काही वर्षं मी तिथे दुय्यम मास्तर होतो. हेडमास्तर ते, दुय्यम मी. शाळेत तिसरा मास्तर नव्हता.

त्यांची सगळी हकिकत एका पुस्तकापासून सुरू होत होती. अकोल्याला ट्रेनिंगला असताना त्यांना रद्दीत एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. पुठ्ठा गेलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्यात अमेरिकेतल्या एका जुन्या मोहिमेची हकिकत होती. अमेरिकेचं राज्य तेव्हा नवं होतं. त्यांनी फ्रान्सकडून पश्चिमेचा अफाट मुलूख विकत घेतला, आणि तो आहे तरी कसा हे पाहायला दोन कप्तान आणि तीसेक माणसं धाडली. मिसुरी नदीतून होड्या उलट्या पाण्यानं ओढत न्यायच्या, पहाड ओलांडायचा आणि पश्चिमेच्या समुद्राला जाऊन टेकायचं. बस, एवढीच गोष्ट. पण मास्तर ती दरवर्षी, पावसाळा सरला की, वरच्या वर्गाला सांगायला घेत आणि ती थंडी संपेपर्यंत पुरत असे. अभ्यासक्रमात तिला जागा नव्हती. ती ते भूगोलातून, गणितातून, कवायतीतून काढत.

धडे ते पुस्तकी मराठीत शिकवत. मोहीम मात्र वऱ्हाडीत चाले. कप्तानांची नावं पोट्ट्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून एकाला त्यांनी 'तांबड्या' केलं होतं, कारण त्याचे केस तांबडे होते. आणि दुसऱ्याला 'उदास्या', कारण तो मधूनमधून कुणाशी बोलेनासा होई. मोहिमेत एक मोठं काळं कुत्रं होतं. त्याला पोरांनी पाटलांच्या कुत्र्याचं नाव दिलं होतं. पाटलांना ते आवडलं नव्हतं. गाव मास्तरांना पाठीमागे 'बह्याड मास्तर', म्हणजे वेडा मास्तर, म्हणे, पण लग्नाची बोलणी असोत की विहिरीची जागा, आधी त्यांच्याच ओट्यावर येई.

गोष्ट सांगताना काही ठिकाणी ते हटकून थांबत. समुद्र गाठल्यावर हिवाळा कुठल्या काठाला काढायचा, यावर कप्तानांनी सगळ्यांचं मत घेतलं, हे सांगताना ते थांबत. तांबड्याचा एक काळा गुलाम होता, त्यालाही विचारलं. "मत घेतलं," मास्तर बोट वर करून म्हणत. "पन परत आल्यावर त्याले गुलामीतून सोडलं नाही. दोनी गोष्टी लिवा. एकच लिवान तं खोटं होईन."

आमच्या शाळेत गावच्या रीतीनं काही पोरं ओसरीवर न बसता बाहेर पायरीवर बसत. एका चैत्रात मास्तरांनी वर्गाचं मत घेतलं, की उन्हाळाभर ओसरीत बसायचं की अंगणातल्या कडुलिंबाखाली. हात मोजताना त्यांनी पायरीपासून सुरुवात केली. लिंब जिंकला. लिंबाला पायरी नसते. सगळी पोरं एका सावलीत बसली. दोन दिवसांनी पाटील आले.

"मास्तर, समदे पोट्टे एकाच जागी काहून बसोले?"

"मत पडलं, पाटील. मी काय करू? मी तं ओसरीच्याच बाजूनं हात वर केला होता."

ते खरं होतं. त्यांनी तसा हात वर केल्याचं मी पाहिलं होतं, आणि तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

दुसरी थांबायची जागा म्हणजे जमिनीचा व्यवहार. "ज्यानं इकली, त्यानं ते जमीन पाह्यली नवती. ज्यानं घेतली, त्यानं बी पाह्यली नवती. जे तिथं राहत होते त्याईले कोनी इचारलं नाही. कागद झाला. मंग कप्तान गावोगावी जाऊन पदकं वाटत अन् सांगत, तुमचा बाप आता बदलला. सांगा, बाप असा बदलते काय?" पोरं हसत. मास्तर हसत नसत. निजामानं आमचं वऱ्हाड इंग्रजाला कायमच्या भाड्यानं देऊन टाकलं होतं, हे पोरांनाही घरी ऐकून माहीत असे. मास्तर एकदा पैनगंगेच्या दिशेला पाहत आणि म्हणत, "पाढे म्हना." मग सगळा वर्ग मोठ्यानं पाढे म्हणे.

मी त्यांच्याच घरी एका खोलीत राहत होतो. शाळा आणि घर यांच्यामध्ये एक मातीची भिंत होती. त्या भिंतीपलीकडे वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, काही ना काही निवडत बसलेल्या असत. मूलबाळ नव्हतं. मोहीम त्यांनी इतक्यांदा ऐकली होती, की मास्तरांचं काही चुकलं तर भिंतीपलीकडून दुरुस्ती येई. कप्तानांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मोहिमेत एक कोवळी पोर होती, पाठीला तान्हं बांधून चालणारी. त्यांचं सगळं लक्ष तिच्याकडे. ती पहाडातल्या लोकांची. लहानपणी दुसऱ्या टोळीनं पळवून नेली, मग एका व्यापाऱ्यानं बायको केली. तिला पहाडाची भाषा येत होती म्हणून कप्तानांनी सोबत घेतलं. एकदा होडी कलली, नवरा बोंबलत राहिला आणि ही कमरेएवढ्या पाण्यात बसून वाहून जाणाऱ्या वस्तू गोळा करत होती, हे आलं की भिंतीपलीकडून आवाज येई, "मंग. काय वाचवा लागते ते बाईले समजते."

पुढे पहाड येई. घोडे मिळाले नाहीत तर सगळे बर्फात मरणार. पहाडी लोकांचा नायक बोलणी करायला येतो. दुभाषी म्हणून त्या पोरीला बोलावतात. ती खाली बसते, वर पाहते, तर तो तिचा भाऊ. ती उठते, अंगावरची घोंगडी त्याच्यावर टाकते आणि त्याला धरून रडते. भाऊ घोडे देतो.

इथे भिंतीपलीकडून कधीच काही आवाज येत नसे. मला वाटे, वहिनी आत चुलीकडे गेल्या असतील.

खरं काय ते एका दुपारी त्यांनीच सांगितलं. अंबाडीची पानं खुडत होत्या. नुकतीच भाऊबीज झाली होती आणि त्या संध्याकाळी मी त्यांना अंगणात चंद्राला ओवाळताना पाहिलं होतं. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, म्हणून मी सहज विचारलं, "वहिनी, तुम्हाला भाऊ नाही का?"

"हाय ना," त्या म्हणाल्या. "नदीच्या त्या काठाले हाय."

त्यांचं माहेर मोगलाईत, पैनगंगेला लागून. धाकटा भाऊ जहागीरदाराचं नदीकाठचं वावर कुळ म्हणून करत होता. वावर आपल्याकडेच राहावं म्हणून अर्ज करायचा होता, तर त्यानं तो बहिणीच्या नवऱ्याकडून, म्हणजे मास्तरांकडून, लिहून घेतला. मास्तर दिवसभर लिहीत बसले. "अन् अर्जात यायनं अमेरिका घातली," वहिनी म्हणाल्या. जमीन पाहिलेली नाही अशी माणसं कागदावर जमीन देतात-घेतात, आणि कसणाऱ्याला विचारत नाहीत, हे जगात पूर्वीही झालं आहे, वगैरे. कारकुनाला वाटलं, हा माणूस कुठल्याशा परक्या राजाचं नाव घेऊन धमकी देतो आहे. वावर दुसऱ्याला गेलं.

"भाऊ आला. इथंच उभा राह्यला, आंगनात. मने, मास्तर, माह्या उंबऱ्यात पाय ठेवू नका. अक्का येऊ शकते. म्या मनलं, यायले पाय नाही तं मले बी नाही." त्यांनी अंबाडीची काडी बाजूला टाकली. "मंग राह्यलंच."

वहिनी हे सांगत होत्या तेव्हा मास्तर घरातच होते. त्यांनी ऐकलं असणार. ते बाहेर आले नाहीत.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत मास्तरांनी मोहीम काढली. शाळेतल्या नकाशावर पैनगंगा म्हणजे निळ्या शाईचा एक केस होता. त्याच्या काठाला एकही गाव दाखवलेलं नव्हतं. "आपल्या नदीवर आपन पायानं गेलो नाही, अन् मिसुरीच्या गप्पा हाकून राह्यलो," ते म्हणाले. वरच्या वर्गाची पोरं, मी आणि ते, असे नदीच्या काठानं उलट्या पाण्यानं चालायचं, आणि जे दिसेल ते नव्या नकाशावर मांडायचं. आईबापांनी हसून परवानगी दिली. वहिनींनी पिठाचं गाठोडं बांधलं आणि ते स्वतःच्या पाठीवर घेतलं.

"तुमी कुठं?" मास्तर म्हणाले.

"सैपाक कोन करन? तांबड्या का उदास्या?"

दिवस चांगले गेले. मास्तर पुढे, काठीनं पाणी मोजत. पोरं मागे, डोह-धारांना नावं देत.  जसजसं वर जात होतो तसतसं वहिनी नदीच्या पलीकडे जास्त पाहू लागल्या होत्या, आणि मास्तर अजिबात पाहत नव्हते.

एका दुपारी आमच्यातला सगळ्यात दांडगा पोरगा बोरं काढायला दरडीच्या कडेला गेला आणि कडेसकट खाली आला. गुडघ्याखाली पाय मोडला होता. आमच्या काठाला चहूकडे घळी. गाव दूर मागे राहिलं होतं. पलीकडच्या काठाला, पळसांच्या वर, चुलींचा धूर दिसत होता. त्या गावाचं नाव कुणी उच्चारलं नाही. मास्तरांनी काठीचे दोन तुकडे केले, मुंडासं फाडून पाय बांधला आणि पोराला पाठुंगळी घेऊन मागच्या वाटेला लागले. थोडं गेले आणि खाली बसले. त्यांच्यानं ते होणार नव्हतं.

वहिनींनी गाठोडं खाली ठेवलं, लुगडं आवळून खोचलं आणि पाण्याकडे चालायला लागल्या.

"थांबा," मास्तर ओरडले. "तिथं डोह हाय."

"डोह तिकडं हाय. इथं खालून खडक हाय. मी इथंच लहानाची मोठी झालो." त्या वळल्या नाहीत. "धाकटे मास्तर, तुमी या माह्यासंग. यायले पोट्ट्यापाशी बसू द्या."

पाण्याला अजून ओढ होती. त्या पुढे, मी मागे; त्यांचा पाय एकदाही चुकला नाही. गावात शिरल्यावर दुसऱ्या घराच्या अंगणात एक माणूस बंडीच्या चाकाला वंगण लावत होता. पाठमोराच म्हणाला, "कोन?"

"मी हाव," वहिनी म्हणाल्या.

तो उभा राहिला. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. ते धोतराला पुसले, पण निघेनात. तेव्हा बहिणीला लागू नयेत म्हणून त्यानं ते दोन्ही बाजूंना लांब धरले आणि तसाच उभा राहिला. वहिनी जवळ गेल्या. पदर पाण्यानं निथळत होता. तो त्यांनी तसाच त्याच्या डोक्यावरून टाकला, त्याचं डोकं खांद्याशी ओढलं आणि रडू लागल्या. मी कुंपणाकडे तोंड करून उभा राहिलो.

"पोट्ट्याचा पाय मोडला," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "बंडी पायजे."

"भाऊजी कुठं हायेत?"

"त्या काठाले. तूच तं मनलं होतं, पाय ठेवू नका."

"म्या उंबऱ्यात मनलं होतं," तो बैल सोडत म्हणाला. "नदीत कायले मनीन?"

बंडी पाण्यात उतरली तेव्हा मास्तर पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मुंडासं नसलेलं त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं. बरेच पांढरे झाले होते केस. मेहुण्यानं बंडीत कडबा पसरला, पोराला उचलून आत ठेवलं आणि म्हणाला, "बसा, भाऊजी."

मास्तर बसले नाहीत. "तुमचं वावर माह्या हातानं गेलं," ते म्हणाले.

मेहुणा कडबा सारखा करत राहिला. "कारकुनानं तो अर्ज कचेरीत मोठ्यानं वाचाले घेतला होता. लोकायले हासवाले. माह्यासारखे लय कुळं बसले होते तिथं. अर्ध्यावर आला अन् कोनीच हासलं नाही. मांगून एकानं मले इचारलं, हे कोनं लिवलं? म्या सांगतलं, माह्या भाऊजीनं." त्यानं बैलांच्या पाठीवर हात ठेवला. "वावराचा राग तवाच सरला. तुमी मंग आले नाही, त्याचा राह्यला."

"तुमीच तं मनलं होतं, येऊ नका."

"मनलं होतं," तो म्हणाला. "रागात मानूस मनते."

मास्तर बंडीत बसले. नदीच्या मध्यावर त्यांनी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो उतरेपर्यंत काढला नाही.

त्या गावात हाड बसवणारा एक म्हातारा होता. पोराचा पाय नीट झाला. आम्ही तिथे मुक्काम केला आणि पुढची नदी त्या वर्षी राहून गेली. त्या जागेला नाव काय द्यायचं याचं मत घेतलं, तेव्हा सगळ्या पोरांनी हात वर केले. नकाशावर 'अक्काचा उतार' असं लिहिलं गेलं. मास्तरांनी ते अक्षर स्वतः काढलं.

पुढच्या वर्षी मोहीम सांगणं शेवटाकडे आलं तेव्हा मेहुणा बहिणीला भेटायला आला होता; आता तो येत-जात असे. वांग्याची टोपली वहिनींकडे ठेवून तो लिंबाखाली पोरांच्या मागे येऊन बसला. गोष्ट पहाडाशी आली होती. त्यानं ती आधी कधी ऐकली नव्हती. ती पोर वर पाहते, भावाला ओळखते, घोंगडी टाकते, हे मास्तरांनी फार भराभर सांगितलं. घोडे मिळाले, पहाड ओलांडला, समुद्र दिसला. समुद्राकाठचं मत घेऊन झालं की मास्तर पुस्तक मिटत. त्यांनी मिटलं.

"भाऊजी," मागून मेहुण्यानं विचारलं, "त्या भावाचं मंग काय झालं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नव्हता. मीही नाही. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. पोरांना चाललं असतं. वहिनी दाराशी येऊन उभ्या होत्या.

"भाऊ लवकरच गेला," मास्तर सावकाश म्हणाले. "एका लढाईत. पन घोडे भेटले म्हनून हे लोक पहाड उतरले. उतरले म्हनून पलीकडं जाता येते हे समद्यायले समजलं. मंग मांगून बंड्या आल्या. लय बंड्या, बायालेकरं घेऊन. त्याईले जमीन पायजे होती. त्या भावाच्या मानसायची शिकार गेली, नदी गेली, जमीन गेली. शेवटी एका कोपऱ्यात नेऊन बसोलं त्याईले." ते थांबले. "त्यानं घोडे देल्ले नसते, तं..."

  मेहुण्यानं मान खाली घालून गवताची काडी मोडली.

"देल्ले ते बरं केलं," तो म्हणाला. "बहीन आली होती."